तापलेल्या सळईतला गारठा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्या रात्रीही चालू असतात. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत १६०० अंशांच्या आसपास वितळवायचं, त्याचे बिलेट, म्हणजे ठोकळे, पाडायचे आणि ते ११०० अंशांच्या घरात तापलेले असतानाच रोलांच्या एकामागून एक जोड्यांमधून दाबत, लांबवत न्यायचे. शेवटच्या जोडीतून नारंगी सळई धावत सुटते आणि लगेच तिच्यावर पाण्याचा मारा होतो. बाहेरची कातडी क्षणात कडक होते, आतली धग पुन्हा बाहेर येऊन तिला जराशी नरमवते. टीएमटी सळईची ताकद या दोन घटकांच्या ओढाताणीतून येते. जुनी माणसं ‘जालना, सोने का पालना’ म्हणायची. आता त्या पाळण्याला पोलादाच्या दांड्या आहेत.

आज विचार करायचा आहे तो या नारंगी सळईच्या आतल्या थंडीचा.

धातूच्या कुठल्याही तुकड्यात दोन वस्त्या नांदतात. एक अणूंच्या गाभ्यांची. ते आपापल्या जागी ओळीने बसलेले असतात आणि तापले की थरथरतात. दुसरी वस्ती इलेक्ट्रॉनांची, जी त्या ओळींमधून मोकळी फिरते. हीच वीज वाहून नेते. १९०० साली पॉल ड्रूड यांनी या दुसऱ्या वस्तीला वायूसारखं मानलं आणि बरंच काही जुळून आलं. एक गोष्ट मात्र अजिबात जुळेना. वायू मानला तर तापवताना प्रत्येक इलेक्ट्रॉनने आपल्या वाट्याची उष्णता घ्यायला हवी, म्हणजे धातू तापवायला दगडापेक्षा बरीच जास्त उष्णता लागायला हवी. मोजून पाहिलं तर तेवढी लागत नव्हती. सगळी उष्णता जणू पहिल्याच वस्तीत जिरत होती. अब्जावधी अब्ज इलेक्ट्रॉन तिथेच होते, वीज वाहत होते, आणि उष्णतेच्या हिशेबात मात्र गैरहजर होते.

हे कोडं पाव शतकाहून अधिक काळ तसंच राहिलं. १९२५ साली पाउली यांनी नियम सांगितला की दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. १९२६ मध्ये फर्मी आणि डिरॅक यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा कणांच्या मोठ्या समुदायाचं गणित मांडलं. त्याच्या दोन वर्षं आधी आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी दुसऱ्या जातीच्या कणांचं गणित मांडलं होतं, जे एकाच अवस्थेत हवे तितके गोळा होतात. असे गोळा होणारे ते बोसॉन, न होणारे ते फर्मिऑन. मग झोमरफेल्ट यांनी फर्मीचं गणित धातूला लावलं आणि गैरहजर इलेक्ट्रॉन सापडले.

गावच्या सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला मांडव गच्च भरलेला असतो. मध्ये बसलेल्याला दोन हात सरकायचं म्हटलं तरी जागा नसते. हालचाल करता येते ती फक्त कडेच्यांना. धातूतले इलेक्ट्रॉन असेच सर्वांत खालच्या ऊर्जेपासून वरपर्यंत एकेक अवस्था अडवून बसलेले असतात. उष्णता घ्यायची म्हणजे थोड्या वरच्या अवस्थेत जायचं, आणि ती अवस्था आधीच भरलेली. उष्णता दारात उभी असते, आतला तिला घेऊ शकत नाही. घेतात ते फक्त कडेचे, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवरचे थोडे.

किती थोडे, याचं एक माप आहे. त्याला फर्मी तापमान म्हणतात. तापमान त्याच्याहून फार कमी असेल तर समुदाय फर्मीच्या अर्थाने ‘थंड’, त्याच्या बरोबरीला आलं की ‘गरम’. तांब्यासाठी हे माप सुमारे ८१,००० अंश आहे. म्हणजे घरातल्या तांब्याच्या तारेतले इलेक्ट्रॉन, जालन्यात मे महिन्यात पारा ४२ वर असतानाही, स्वतःच्या मापाच्या अडीचशेव्या हिश्शालाही पोचलेले नसतात. लोखंडाचा हिशेब जरा अवघड आहे. मोकळे इलेक्ट्रॉन धरले तर माप लाखाच्या वर जातं, पण लोखंडाचे काही इलेक्ट्रॉन जड पावलांचे, अर्धवट बांधलेले असतात. त्यांना धरून ते काही हजारांनी नव्हे, कितीतरी पटींनी उतरतं. तरीही ते दहा हजारांच्या वर राहतं. त्यामुळे रोलमधून सुटलेली, हात जवळ नेववत नाही अशी सळई घेतली तरी तिच्यातले इलेक्ट्रॉन आपल्या मापाच्या फार तर दहाव्या हिश्शाला टेकलेले असतात. त्यांच्या दृष्टीने तो हिवाळाच.

आणि थंड म्हणजे गप्प, अशी आपली समजूत असते ती इथे उपयोगाची नाही. खालच्या जागा भरल्या की उरलेल्यांना वरच्या ऊर्जेच्या जागाच घ्याव्या लागतात, आणि ऊर्जा म्हणजे वेग. धातूतले सर्वांत वरचे इलेक्ट्रॉन सेकंदाला दीड-दोन हजार किलोमीटर धावत असतात. सळई निरपेक्ष शून्याला, म्हणजे उणे २७३ अंशांना नेली तरी हा वेग जाणार नाही. तो उष्णतेचा नसून जागा भरलेल्या असण्याचा आहे.

या विचाराने सर्वांत लांबची मजल मारली ती एका एकोणीस वर्षांच्या मुलाने. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० च्या जुलैअखेरीस मुंबईहून बोटीने इंग्लंडला शिकायला निघाले. श्वेत बटू, म्हणजे इंधन संपून आकसलेले तारे, आपल्याच वजनाखाली कोसळत का नाहीत, याचं उत्तर फाउलर यांनी १९२६ सालीच दिलं होतं. आतले इलेक्ट्रॉन दाटीमुळे एकमेकांना आणखी जवळ येऊ देत नाहीत. अशा ताऱ्याचं पोट कोटी अंशांच्या घरात तापलेलं असतं, पण तिथली दाटी इतकी भयंकर की फर्मी तापमान अब्जांत जातं. म्हणजे या अर्थाने ताराही थंडच. चंद्रशेखरांनी प्रवासात हिशेब केला की वजन वाढत गेलं तर इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या जवळ जातो आणि मग ही तटबंदी पुरत नाही. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान ही ती मर्यादा. आज तिला त्यांचंच नाव आहे आणि १९८३ चं नोबेलही त्यांच्याकडे आलं, पण त्या काळी मोठमोठ्या माणसांना ती पटायला बराच वेळ लागला.

कोटी अंशांना थंड म्हणायला मन तयार होत नाही. पण थंडीचा हा अर्थ एकदा स्वीकारला की उलट दिशेचा धक्काही सोसावा लागतो. कल्पनेपलीकडे थंड केलेली वस्तू या मापाने कोमट निघू शकते.

ती वस्तू म्हणजे अतिशीत अणूंचा वायू. सबंध अणूही फर्मिऑन असू शकतो. प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांची बेरीज विषम आली की फर्मिऑन, सम आली की बोसॉन. पोटॅशियमचा साधा अणू घ्या. १९ प्रोटॉन, २० न्यूट्रॉन, १९ इलेक्ट्रॉन, बेरीज ५८. बोसॉन. त्यात एक न्यूट्रॉन वाढवला की बेरीज ५९ आणि पोटॅशियम-४० हा फर्मिऑन तयार. रसायनाच्या दृष्टीने दोघांत फरक शोधून सापडत नाही, वागणुकीत मात्र दोन वेगळे वंश. गाभ्याच्या आत दडलेल्या, बाहेरून न दिसणाऱ्या एका कणावरून अणू घोळक्यात मिसळणार की अंतर राखणार हे ठरावं, याचं मला अजून नवल वाटतं.

हा पोटॅशियम-४० काही परग्रहावरचा नाही. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे एक-सव्वा अणू याचा असतो. घनसावंगी-अंबडकडे मोसंबीच्या बागांना पोटॅश घालतात त्या ५० किलोच्या गोणीत निम्मं वजन पोटॅशियमचं धरलं, तर सुमारे ३ ग्रॅम पोटॅशियम-४० निघतो. तोच मोसंबीत उतरतो, तोच आपल्या रक्तामांसात असतो. १९९९ साली अमेरिकेत बोल्डर इथे डेबोरा जिन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रायन डीमार्को यांनी याच अणूंचा वायू इतका गार केला की पाउलीचा नियम अणूंच्या घोळक्यात पहिल्यांदा ठळकपणे दिसला. तापमान होतं एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाचाही साधारण तिसरा हिस्सा. ताऱ्यांमधल्या रिकाम्या अंतराळाचं तापमान निरपेक्ष शून्याच्या पावणेतीन अंश वर असतं. त्याच्याशी तुलना केली तर ही थंडी काय आहे ते कळेल.

आणि फर्मीच्या मापाने? हा वायू हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असतो. दाटी नाही, म्हणून फर्मी तापमानही खाली, अंशाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. जिन-डीमार्को यांचा वायू आपल्या मापाच्या निम्म्यावर येऊन थांबला होता. जालन्याची लालबुंद सळई दहाव्या हिश्शाच्याही आत असते. थंडी मोजायची कशाने, हे आधी ठरवल्याशिवाय कोण थंड हे सांगता येत नाही.

अणूंना गार करण्याचा शेवटचा उतार इतका कठीण का, यामागेही तोच नियम आहे. लेझरच्या प्रकाशाने अणूंचा वेग आधी खूप कमी करतात. १९९७ चं नोबेल त्या कामासाठी होतं. पुढे सर्वांत चपळ अणूंना निसटू द्यायचं आणि उरलेल्यांनी आपसात टक्कर घेत नव्या, खालच्या तापमानाला स्थिरावायचं, अशी रीत आहे. बोसॉन यात पटकन उतरतात. एकसारखे फर्मिऑन मात्र थंड झाले की एकमेकांच्या जवळच येत नाहीत, म्हणून टक्कर नाही, आणि टक्कर नाही म्हणून स्थिरावणं नाही. जिन यांनी अणू दोन वेगवेगळ्या चुंबकीय अवस्थांत ठेवले, म्हणजे ते एकसारखे राहिले नाहीत आणि टकरा चालू राहिल्या. थोडा भेद ठेवल्यामुळे देवघेव शक्य झाली. जिन २०१६ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी गेल्या. आणखी दहा-वीस वर्षं मिळाली असती तर या विषयाचं रूप आज वेगळं असतं, असं मला वाटतं.

एवढा खटाटोप करायचा कशाला? धातूतले इलेक्ट्रॉन हवे असतील तर सळई आहेच की. अडचण अशी की सळईतले अणू एकमेकांपासून मिलिमीटरच्या चाळीस लाखाव्या भागाइतक्या अंतरावर असतात. कोणता इलेक्ट्रॉन कधी कुठे गेला हे बघायची सोय नाही. म्हणून समोरासमोरून लेझरचे झोत सोडायचे, त्यांच्या एकमेकांवर पडण्याने उजेड-अंधाराचे ठरावीक पट्टे तयार होतात, आणि तीन दिशांनी तसं केलं की प्रकाशाची जाळी बनते. अणू तिच्या खोबणींत जाऊन बसतात. खोबणींमधलं अंतर सळईतल्या अंतराच्या हजारो पट असतं, त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून एकेक अणू दिसू शकतो. इथे जाळी प्रकाशाची आणि इलेक्ट्रॉनांची भूमिका पोटॅशियमने किंवा लिथियमने करायची.

झुरिचला टिलमन एस्लिंगर यांच्या गटाने २००५ साली फर्मिऑन असे प्रकाशाच्या जाळीत बसवले. १९६३ मध्ये जॉन हबर्ड यांनी लिहिलेलं एक छोटं समीकरण या मंडळींना हवं होतं. त्यात दोनच गोष्टी आहेत, शेजारच्या खोबणीत उडी मारायची ओढ आणि एकाच खोबणीत दोघे आले तर होणारी तिरस्काराची किंमत. दोन आकडे, पण पन्नास खोबण्या घेतल्या तरी शक्य अवस्थांची संख्या एकावर तीस शून्यांएवढी होते. ती मांडून ठेवायला संगणकाची स्मृती पुरत नाही. तांब्याच्या ज्या ऑक्साइडांमधून १९८६ पासून अनपेक्षित तापमानाला विनारोध वीज वाहताना दिसते, त्यांचं मर्म याच समीकरणात असावं असा अनेकांचा कयास आहे. कागदावर सुटत नाही, म्हणून अणूंनाच ते सोडवायला लावायचं.

मला यातला सर्वांत विचारात पाडणारा निष्कर्ष २०१० चा वाटतो. झुरिचच्याच गटाने जाळीतल्या काही खोबणींत मुद्दाम दोन-दोन अणू घातले, तेही एकमेकांना ढकलणारे. अशी जोडी ताबडतोब फुटावी असं कुणालाही वाटेल. ती फुटत नव्हती. दोघांमधला तिरस्कार जितका तीव्र केला, तितकी जोडी जास्त काळ टिकली, आणि थोडीथोडकी नव्हे, पटीपटीने जास्त. त्याची उकल करणाऱ्या सिद्धांतकारांमध्ये राजदीप सेनशर्मा होते, जे पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. उकल अशी की जोडी फुटली तर तिच्यातली ऊर्जा कुणीतरी घ्यायला हवी. आजूबाजूचे अणू उड्या मारून घेऊ शकतात ती ऊर्जा अगदी थोडी. मोठा ऐवज एकट्याला पेलत नाही. तो अनेकांनी एकाच वेळी थोडाथोडा वाटून घ्यावा लागतो, आणि असा योग क्वचित येतो. तोवर दोघे एकाच खोबणीत, एकमेकांना नको असताना, राहत राहतात.

सळईतली उष्णता इलेक्ट्रॉनांत शिरत नव्हती कारण घ्यायला जागा नव्हती. इथे ऊर्जा बाहेर पडत नाही, कारण ती घेणारं कुणी नाही. तापमानाचा आकडा दोन्हीकडे फार काही सांगत नाही. समोर घेणारा आहे का, एवढंच विचारावं लागतं. घराघरांत वर्षानुवर्षं मुरलेल्या रागांकडे पाहताना मला अलीकडे हे आठवतं, पण माणसं अणू नव्हेत, तेव्हा तो धागा इथेच सोडतो.

आपल्याकडे प्रयोगाच्या अंगाने पुण्याच्या आयसरमध्ये उमाकांत रापोल यांच्या प्रयोगशाळेत अतिशीत रुबिडियमवर काम चालतं. प्रकाशाच्या जाळीचे ठोके देऊन अणू कसे विखुरतात आणि त्यांचं क्वांटम भान कसं हरपतं यावरचं त्यांचं काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. ते अणू बोसॉन. मराठवाड्यातल्या एखाद्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अतिशीत अणूंचं काम डोळ्यांनी बघायचं असेल तर पुणे काही फार लांब नाही.

आता राहिला प्रश्न आणखी थंड कसं व्हायचं याचा. २०१७ साली हार्वर्डमध्ये मार्कुस ग्रायनर यांच्या गटाने लिथियमचे अणू एका सपाट जाळीत बसवून जे केलं त्यात युक्ती होती ती कडेची. मधल्या सुमारे ८० खोबण्यांत अणू दाट ठेवले आणि भोवती विरळ वस्तीचा मोठा पट्टा मोकळा सोडला. विस्कळीतपणा नाहीसा करता येत नाही, तो कुठेतरी जावा लागतो. मध्ये दाटी, तिथे त्याला थारा नाही, म्हणून तो बाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात गेला. सगळ्यांना सारखं गार करण्याऐवजी थोड्यांनी सगळा गोंधळ अंगावर घेतला आणि मधले शांत झाले. मग मध्ये एका अणूचा स्पिन, म्हणजे त्याच्या सूक्ष्म चुंबकाची दिशा, वर, शेजारच्याचा खाली, पुन्हा वर, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटली. ही प्रतिलोहचुंबकीय मांडणी दुर्मीळ मुळीच नाही. भंगाराच्या ढिगावर चढलेल्या तांबूस गंजातल्या लोहसंयुगांमध्ये ती भर उन्हात, फुकट असते. फक्त तिथे ती कुणाला अणू-अणू करून पाहता येत नाही आणि मनासारखी बिघडवताही येत नाही.

बिघडवणं हाच पुढचा भाग आहे. त्या पटावरून काही अणू काढून घेतात. रिकामी खोबण इकडून तिकडे सरकते आणि जाताना वर-खालीची ओळ मोडत जाते. अशा दोन रिकाम्या जागा जवळ आल्या तर त्या एकमेकींच्या सोबतीने फिरतात का, आणि फिरल्या तर त्यातूनच विनारोध वहन निपजतं का, हे संगणकाने अजून ठामपणे सांगितलेलं नाही. त्यासाठी जाळी २०१७ च्या त्या प्रयोगापेक्षा काही पटींनी गार लागेल असा अंदाज आहे, आणि हार्वर्डसकट अनेक गट गोंधळ टाकायला आणखी मोकळ्या जागा शोधत आहेत.